दोन ठोके आणि एक फुंकर

सुरुवातीलाच स्पष्ट लिहिते, म्हणजे खाली प्रतिक्रियांमध्ये कोणी मला शिकवायला येऊ नये. गेली सहा वर्षं मी गावोगाव भोंदूगिरीविरुद्ध कार्यक्रम करते. नारळातून करणी काढणं, लिंबातून रक्त, जिभेवर पेटता कापूर... हे सगळं स्वतःच्या हातानं करून दाखवते आणि मग त्यातली चलाखी सांगते. मेहकर तालुक्यातल्या निम्म्या आठवडी बाजारांत माझी पत्रकं वाटून झाली आहेत. या ग्रुपवरचे "मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही" छापाचे किस्से मी वाचते ते हसायला. आज मीच इथं लिहायला बसले आहे, आणि माझे संघटनेतले सहकारी हे वाचणार हेही मला माहीत आहे. वाचू द्या. झालेली गोष्ट आपल्या सोयीची नाही म्हणून लपवायची, ही पण भोंदूगिरीच.

मी जानेफळची. आम्ही पाथरवट वडार. घरात आम्ही वडारी बोलतो, बाहेर वऱ्हाडी. इथं सगळ्यांना कळावं म्हणून घरातलं बोलणंही वऱ्हाडीतच लिहिते. माझा बाप दगड घडवतो. 'फोडतो' नाही, घडवतो. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांनी घरातला पाटा उलटा करून त्याची खालची बाजू बघावी आणि मग वरची बघावी.

माय पाटे आणि जाती टाकायची. म्हणजे वापरून वापरून पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकीनं, म्हणजे बारक्या छन्नीनं, पुन्हा खरबरीत करायचं. डोक्यावर टोपली, हातात हातोडी, गल्लीगल्लीत हाक... "पाटाऽ जातंऽ टाकवून घ्याऽऽ बाई!" तिची एक लय होती. दोन ठोके, मग वाकून धूळ फुंकायची. दोन ठोके, फुंकर. मी तिच्या शेजारी बसून शाळेचा अभ्यास केला तो त्या आवाजात. मी नववीत असताना ती गेली. मिक्सर आधीच आले होते, हाकेला कोणी दार उघडेनासं झालं होतं.

आता मूळ गोष्ट.

जानेफळपासून सातेक किलोमीटरवर एका गावात महादेवाचं जुनं देऊळ आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं माझीच आहेत. काळा पाषाण, सगळे दगड एकमेकांत बसवलेले, मध्ये चुन्याचं बोटही नाही. आठशे वर्षांचं आहे म्हणतात. त्याचं दक्षिणेकडचं दार ढासळलं होतं. गावच्या समितीनं ते परत उभारायचं ठरवलं. शिवरात्रीला दार खुलं करायचं, म्हणजे उत्तरेनं रांग आत आणि दक्षिणेनं बाहेर, असा बेत. बारके दगड घडवायला माझ्या बाला बोलावलं.

पाथरवटाची एक पद्धत असते. दगड जागेवर बसवण्याआधी त्याला हातोडीच्या दांड्यानं तीनदा ठोकायचं आणि कान लावायचा. दगड टणटणला तर तो बोलका. बद्द वाजला तर मुका, म्हणजे त्याच्या पोटात तडा आहे. मुका दगड पायरीला चालतो, ओट्याला चालतो. माणसाच्या डोक्यावर चालत नाही.

दाराच्या वरची जुनी आडवी शिळा जमिनीवर ठेवली होती. बानं ती ठोकली. पुन्हा ठोकली. मग ठेकेदाराला म्हणाला, "हा दगड मुका हाय. वर चढवू नका."

ठेकेदार हसला. "बाबा, आठशे वर्षं राह्यला तो वर. आता काय त्याले ताप येऊन राह्यला का?"

"वरून पडला तवाच फुटला असंल. आतून."

"तुम्ही दगड फोडा न. बाकीचं पाहाले आम्ही हाओत."

सगळे हसले. बा दुसऱ्या दिवसापासून कामावर गेला नाही.

आणि माझं काय? मला हे लिहिताना आजही लाज वाटते. मीही त्याला तेच ऐकवलं, फक्त शिकलेल्या भाषेत. जेवताना म्हणाले, "बा, ठोकून पाह्यलं, आवाज ऐकला, याले पुरावा म्हणते का कोणी? उद्या एखादा महाराज म्हणंल मले झाड सांगते. त्याले मी काय म्हणू?"

बानं भाकरीचा तुकडा मोडला. म्हणाला, "हाव. मी अन् तो महाराज सारखाच."

एवढंच. नंतर तो त्या शिळेबद्दल एक शब्द बोलला नाही.

फेब्रुवारीत मला आयर्लंडला जायचं होतं. धुळीत आणि खाणीत काम करणाऱ्या मजुरांसाठी झटणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांचं चौदा दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि त्यात माझी निवड झाली होती. जानेफळच्या आमच्या वस्तीतून विमानात बसलेली मी पहिली. याचा मला गर्व आहे, आणि नम्रपणे वगैरे सांगण्याची माझी इच्छा नाही.

कॅमेरा दिला मेहकरच्या सलीमभाईनं. सलीमभाईचा फोटो स्टुडिओ आहे, आमच्या पत्रकांचे फोटो तोच काढतो. ट्रायपॉडसकट सगळं हातात देऊन म्हणाला, "शालूताई, एकच काम करा. तिकडच्या जुन्या चर्चचे आतून फोटो आना. वाइड. अन् थोडा व्हिडिओ, बिल्कुल न हलवता. प्री-वेडिंगच्या मागं लावतो. आपल्या लोणारच्या, डोणगावच्या नवरदेवाले वाटलं पाह्यजे का आपन आयर्लंडात उभे हाओत."

"सलीमभाई, मी मजुरांचा प्रश्न घेऊन जाऊन राह्यली."

"तो तर हायेच ना. पन शनिवारी सुट्टी असंल का नाही?"

शनिवारी सुट्टी होती.

तर मधल्या शनिवारी सकाळी मी बसनं तासाभरावरच्या एका गावी गेले. तिथं मध्ययुगातलं कॅथेड्रल आहे, म्हणजे बिशपचं मोठं चर्च. नाव देत नाही, का ते पुढं कळेल. राखाडी चुनखडीचा दगड, अर्ध्या भागावर छप्पर, अर्धा भाग उघडा, उंच टोकदार कमानी. बाहेर रिपरिप पाऊस. तिकिटाच्या टेबलाशी एक म्हातारा बसला होता, मायकल नावाचा. मी तिकीट घेताना त्याच्या हाताकडे पाहिलं आणि थांबले. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं, वाकडं. माझ्या बाचं अगदी तसंच आहे. छन्नी धरणाऱ्या हाताच्या अंगठ्यावर हातोडा चुकून बसतो, वर्षानुवर्षं. मी इंग्रजीत विचारलं, तुम्ही दगडाचं काम करायचात का? तो चकित झाला. म्हणाला, चाळीस वर्षं. गुडघे गेले म्हणून आता हे टेबल.

मग तो स्वतः उठून मला आत घेऊन गेला. खांबांवर, कमानींच्या दगडांवर बारक्या खुणा कोरलेल्या होत्या. कुठं त्रिकोण, कुठं बाण, कुठं फुली. प्रत्येक पाथरवटाची आपली खूण. म्हणाला, नावं गेली, पण हा माणूस इथं होता एवढं राहिलं. शेजारी पाटी लावली होती, नीट चौकटीत, त्या खुणांबद्दल.

माझं डोकं तिथंच तापलं. आमच्याकडे देवळाच्या पाटीवर काय असतं? कोणत्या राजाच्या काळात बांधलं, कोणत्या पुढाऱ्याच्या हस्ते रंग दिला, आणि पंखा कोणाच्या स्मरणार्थ! ज्यानं ती शिळा घडवली त्याचं काय? मी मनातल्या मनात पत्रकाचा मथळाच लिहायला घेतला.

मायकल टेबलाकडे परत गेला. मी मधल्या दालनात ट्रायपॉड लावला. अकराला पाच कमी होते. फोटो काढून झाल्यावर व्हिडिओ सुरू केला आणि सलीमभाईच्या हुकमाप्रमाणे कॅमेऱ्यापासून दूर, मागे उभी राहिले. आत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

आणि आवाज आला. डावीकडून. ठक... ठक. मग हवा सुटल्यासारखा बारीक आवाज. ठक... ठक. फूऽ.

खरं सांगते, मला भीती-बिती काही वाटली नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की याने तोंडाला मास्क लावलाय का? आठवडाभर आम्ही दगडाच्या धुळीनं फुप्फुसं कशी जातात तेच शिकत होतो, आणि हा बाबा चक्क तोंडानं धूळ फुंकतोय! मी त्याला सुनावायला निघाले. पिशवीतून इंग्रजी पत्रकसुद्धा काढलं.

डावीकडे एक छोटी कमान होती, तिच्या खाली लाकडी बाक. येणारे-जाणारे तिथं बसून फोटो काढून घेत असावेत, बाक मधोमध झिजला होता. माणूस नव्हता. आवाज मात्र चालूच. ठक... ठक. फूऽ. माझ्या चेहऱ्यासमोरच्या दगडातून येतोय असा. आणि वास... काळ्या पाषाणावर टाकी पडली की ठिणगीचा जळका वास येतो. ज्यांच्या घरात हे काम आहे त्यांनाच तो माहीत. माझं बालपण त्या वासात गेलंय.

मग माझ्या लक्षात आलं की ही लय कोणाची आहे.

मी पत्रक धरलेल्याच हातानं दगडाला स्पर्श केला. आवाज थांबला. एकदम, कोणी हात धरल्यासारखा.

मग माझ्या हातानं एक गोष्ट केली जी मी पंधरा वर्षांत केली नव्हती. मुठीच्या हाडानं त्या दगडाला तीनदा ठोकलं आणि कान लावला.

बद्द.

शेजारचा ठोकला. टण्ण. त्याच्या वरचा... टण्ण. परत तोच. बद्द. बाकाच्या बरोबर वरचा दगड, बसलेल्या माणसाच्या टाळूवर पडेल असा.

मी धावतच मायकलला बोलावलं. आवाजाबद्दल काही बोलले नाही. फक्त म्हणाले, हा दगड आतून फुटलेला आहे. माझ्याकडे त्यानं हसून बघावं अशी माझी तयारी होती, आपल्याकडे तसंच होतं. तो हसला नाही. आतून लाकडी हातोडा आणला, ठोकला, डोळे मिटले, कान दगडाला टेकवला. माझ्या बासारखाच! तीच मान, तीच मिटलेली तोंडाची रेघ. मग बादली आणि स्पंज आणून सगळा भाग ओला केला. म्हणाला, थांब. आम्ही दोघं बाकापासून लांब उभं राहून दगड वाळताना बघत बसलो. त्या ओल्या हवेत अर्धा तास गेला. सगळे दगड फिकट झाले, पण त्या एका दगडावर एक काळी रेघ तशीच राहिली. तड्यात शिरलेलं पाणी लवकर वाळत नाही.

मायकलनं बाक ओढून बाजूला घेतला, दोर बांधला, फोन लावला. मग मला विचारलं, हे तुला कोणी शिकवलं?

आजवर बाहेर कोणीही "वडील काय करतात" विचारलं की मी "मजुरी" म्हणायचे. त्यात दोन्ही होतं, थोडी लाज आणि थोडं राजकारण. तिथं उभं राहून मी म्हणाले, माझ्या वडिलांनी. ते पाथरवट आहेत. आमच्याकडे हे आठशे वर्षं चालू आहे.

मायकलनं टोपी काढली. खोटं नाही. माझ्या बापासाठी, ज्याला त्यानं पाहिलेलं नाही, त्या माणसानं टोपी काढली.

मी विचारलं, आज इथं छन्नीचं काम चालू आहे का? म्हणाला, शनिवारी नसतं, आणि या भिंतीला तर दोन वर्षांत कोणी हात लावलेला नाही. जळक्या वासाचं विचारलं तर म्हणाला, चुनखडीला ठिणगीचा वास येत नाही, पोरी.

बाहेर येऊन बाला फोन लावला. इकडे भारतात संध्याकाळचे पाच-सव्वापाच झाले असतील.

"बा, ती शिळा चढवली का?"

"परवा चढवली म्हणे. वरचे दगड बसवाचे राह्यले. काऊन?"

"तुम्ही खरं बोलत होते. मी चुकली."

"तू तिकडून हे सांगाले फोन लावला?"

"हाव."

"...जेवली का?"

मी आले तेव्हा शिवरात्रीला चार दिवस होते. दुसऱ्याच सकाळी बाला घेऊन त्या गावी गेले. समितीचे अध्यक्ष, ठेकेदार, पाच-पन्नास माणसं. मी देवळाच्या ओट्यावर चढले आणि बोलायला सुरुवात केली. मला बोलायला येतं, ते माझं कामच आहे. शिवरात्रीला या दाराखालून बाया जातील, कडेवर लेकरं असतील, कोणाच्या डोक्यावर ती शिळा येईल ते आत्ताच ठरवा, नाव लिहून द्या... वगैरे. अध्यक्ष म्हणाले, "शालू, तू तर अंधश्रद्धेच्या इरोधात बोलत असते ना वं? अन् आता दगड बोलते म्हणून राह्यली?"

हसले सगळे. मी तोंड उघडलं, पण बानं मला हातानं मागं सारलं. "पाणी आना," म्हणाला. "एक बकेट."

भर बाराचं ऊन होतं. बा शिडीवर चढला, शिळा ओलीचिंब केली आणि खाली उतरला. "आता गप राहा अन् पाहा."

आयर्लंडात अर्धा तास लागला होता. फेब्रुवारीच्या आपल्या उन्हात पाच मिनिटं पुरली. काळा पाषाण वाळून राखेच्या रंगाचा झाला आणि शिळेच्या डाव्या अंगावरून खालपर्यंत एक ओली रेघ राहिली. केसासारखी. पार इकडून तिकडं. हसणं कधी थांबलं ते कोणाला कळलंच नाही.

ठेकेदार म्हणाला, "वरवरचं असंल ते."

बा म्हणाला, "मंग ये न. खाली उभा राह्य. मी वरून एक ठोका देतो."

ठेकेदार जागचा हलला नाही.

मी बाला बाजूला घेऊन विचारलं, "हे पाण्याचं तुम्हाले आधीच माहीत होतं?"

"माह्या बापाले बी माहीत होतं."

"मंग तवा काऊन नाही सांगतलं?"

"कोनं इचारलं?" तो म्हणाला. "तू तरी इचारलं का?"

हे मी जन्मभर विसरणार नाही. पुरावा मागा म्हणून जगाला शिकवत फिरणारी मी, मी त्याच्याकडे पुरावा मागितलाच नव्हता. नाही म्हणून आधीच ठरवून टाकलं होतं. दगड फोडणाऱ्याकडे काय असणार, असं.

दुसऱ्या दिवशी साखळी लावून शिळा उतरवली. खाली वाळू पसरली होती. शिळा वाळूला टेकली आणि भाकरी मोडावी तशी दोन झाली. मोठा आवाजही झाला नाही. अध्यक्षांनी बापुढे हात जोडले. शिवरात्रीला ते दार बंद ठेवलं, नव्या शिळेचं काम बाला दिलं, आणि या वेळी ठेकेदार बाला "मिस्त्री" म्हणून बोलला. माझी छाती त्या दिवशी दोन बोटं वाढली असेल.

पण मग गावात सुरू झालं, 'शालूले तिकडं महादेवानं दृष्टांत देल्ला.' एक बाई नारळ घेऊन घरी आली. मी तिला नारळासकट परत पाठवलं आणि दोन दिवसांत पत्रक काढलं. मथळा होता, "हा चमत्कार नाही, हा माझ्या बापाचा कान आहे." त्या पत्रकातल्या एकेका शब्दावर मी आजही ठाम आहे.

इथवरच्या गोष्टीत न कळण्यासारखं काहीच नाही. आवाजाचं मी स्वतःला समजावलं होतं. प्रवासाचा शीण, अर्धवट झोप, बाला दुखावल्याचा सल, मायची आठवण. माणसाचं डोकं असले खेळ करतं, मी स्वतः कार्यक्रमात सांगते. वासाचंही तसंच. प्रश्न मिटला होता.

मग मी सलीमभाईला कॅमेरा परत करायला गेले.

त्यानं कार्ड कॉम्प्युटरला लावलं, व्हिडिओ चालू केला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ताई, हे ठक ठक काय हाय? पूरा व्हिडिओ खराब करून टाकला ना."

व्हिडिओत रिकामं दालन दिसत होतं. आवाज स्पष्ट. ठक... ठक, फूऽ. मग मी कॅमेऱ्याच्या मागून चौकटीत येते, हातात पत्रक, तावातावानं डावीकडे जाते. माझे दोन्ही हात दिसतात. आवाज चालू. मी दगडाला हात लावते. आवाज बंद.

सलीमभाईनं तो वीसेक वेळा ऐकला. रोज लग्नाचे व्हिडिओ जोडणारा माणूस आहे तो. म्हणाला, "जोड नाही. वरून टाकलेलं नाही. जो है सो यही है."

मी त्याच दिवशी त्याला घेऊन जानेफळला आले. बाच्या कानाला सलीमभाईचा मोठा हेडफोन लावला. डोळे मिटून त्यानं ऐकलं. पुन्हा लाव म्हणाला. तीनदा.

मी म्हणाले, "माय हाय ना, बा?"

त्यानं मान हलवली. "नाही. तिचे दोन्ही ठोके सारखे पडत. तोलून मारल्यावानी. हे पाह्य... पयला भारी, दुसरा हलका. पयला भारी, दुसरा हलका."

"मंग कोन?"

बा माझ्याकडे असा बघत राहिला, की सलीमभाईनं खुर्ची मागे सरकवली. "तूच हाय वं. सात-आठ वर्षाची होती. माय तुले फुटका पाटा द्यायची खेळाले. हातोडी तुले जड व्हये, म्हनून दुसरा ठोका हलका पडे. अन् फुंकर तिच्यावानी मारायची. लय हसायची ती."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. आपला आवाज फोनमध्ये ऐकला तर आपल्यालाच परका वाटतो ना, तसं काहीसं असावं. मी म्हणाले, बा, असं कसं सांगता येईल? त्यानं आत जाऊन मायची टाकी आणि हातोडी आणली, अंगणातल्या पाट्यासमोर मला बसवलं. सलीमभाईनं मोबाइल धरला. मी हातोडी उचलली आणि विचार न करता मारली.

मग सलीमभाईनं दोन्ही आवाज पाठोपाठ लावले. तोच पुटपुटला, "या अल्ला... एकच हाय."

माझ्या मुठीतली हातोडी आता जड नव्हती. तरी दुसरा ठोका हलकाच पडला होता.

मायकलचा नंतर मेल आला. तो दगड काढला, पाठीमागून तीन ठिकाणी फुटलेला निघाला. त्यानं कॅथेड्रलचं नाव कुठं छापू नकोस अशी विनंती केली, म्हणून मी ते दिलं नाही. व्हिडिओतल्या आवाजाबद्दल मी त्याला लिहिलं होतं. त्यावर त्यानं फक्त विचारलं, तुझे वडील कसे आहेत?

वडील मजेत आहेत. एप्रिलमध्ये नवी शिळा चढली. सगळ्या गावासमोर बानं ती ठोकली आणि ती देवळाच्या घंटेसारखी वाजली. मी हट्टच धरला होता, यावर तुमची खूण पाहिजे, तिकडच्यासारखी. तो नाही म्हणत होता, देवाच्या दारावर आपण खूण टाकत नसतो. शेवटच्या दिवशी मात्र त्यानं शिडी धरली, टाकी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मार दोन." मी मारले. एक खोल, एक उथळ. वाकून धूळ फुंकली. तोंडाला मास्क नव्हता, कबूल करते.

त्या व्हिडिओची प्रत सलीमभाईकडे आहे, ज्यांना तपासायचा असेल त्यांनी मेहकरला यावं. आवाजाचे अभ्यासक असाल तर आवर्जून या. मी वहीत त्या दिवसापुढे "कारण" असा रकाना आखला आहे आणि तो कोरा आहे. पुनर्जन्म, आत्मा, दृष्टांत यातलं काही तिथं लिहू देणार नाही. भास हा शब्दही लिहिता येत नाही, कॅमेऱ्याला भास होत नाही. माझे सहकारी म्हणतात, सोपं आहे, तुझ्या बाची ऐकण्यात चूक झाली असेल, तेवढं मान्य कर म्हणजे अर्धं कोडं सुटलं.

तेवढंच मी करणार नाही. एकदा केलं होतं.